जंगलाला लागून घर आहे? वणव्याची तयारी गॅलरीपासून सुरू करा

पावसाळा संपून गवत पिवळे पडले की बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, भांडुप, मुलुंड आणि ठाण्याच्या येऊर बाजूला डोंगरावर धूर दिसू लागतो. मग सोसायटीत बैठक होते, वॉचमनला कोयता दिला जातो, कुंपणापलीकडचे थोडे गवत कापले जाते आणि तयारी झाली असे सगळे समजून चालतात. गॅलरीतले पुठ्ठ्याचे खोके, गच्चीवरचा मोडका पलंग आणि पत्र्यावरची ताडपत्री मात्र वर्षभर जागची हलत नाही.

इथे क्रमच उलटा झालेला असतो. वणव्यात पेटणारी बहुतेक घरे ज्वाळांच्या भिंतीने पेटत नाहीत. वाऱ्यावर उडालेली ठिणगी किंवा जळते पान येऊन पडते आणि पडल्या जागी सुके काहीतरी असते, म्हणून ती पेटतात. त्यामुळे काम घरापासून सुरू करायचे आणि बाहेर सरकत जायचे. आधी गॅलरी आणि छप्पर, मग आवार, मग कुंपण. डोंगर सगळ्यात शेवटी, आणि तोही वनखात्याबरोबर.

अवघड वर्ष कसे ओळखायचे

पाऊस कमी झाला तरच वणव्याचा धोका, असा समज आहे. तो अर्धाच खरा. भरपूर पाऊस झाला की गवत कमरेएवढे वाढते आणि जानेवारीत तेच सरपण होते. पाऊस कमी झाला तर गवत कमी, पण पाचोळा लवकर वाळतो आणि धरणे उतरल्याने महापालिका पाणीकपात करते. दोन्ही वर्षे आपापल्या परीने अवघडच.

तिसरे कारण लोकांच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे कारवी, डोंगरावरची झुडूपवजा वनस्पती. ती साधारण आठ वर्षांनी एकदा सामूहिक फुलते, बी धरते आणि उभीच्या उभी वाळून जाते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ मध्ये फुलली आणि त्यानंतर २०२४ मध्ये. फुलोऱ्याच्या पुढच्या उन्हाळ्यांत डोंगरउतारावर पुरुषभर उंचीच्या सुक्या काठ्यांचे रान उभे असते. तुमच्या मागच्या डोंगरावर कारवी असेल तर फुलोऱ्यानंतरच्या दोन-तीन हंगामांत दुप्पट सावध राहा.

तारखेचेही तसेच. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरते. पण गोरेगाव पूर्वेच्या आयटी पार्कमागचा डोंगर पेटला तो ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी. म्हणून आपली तयारी दिवाळी आटोपल्या आटोपल्या सुरू व्हायला हवी.

टप्पा १ : आपली बाजू ओळखा (ऑक्टोबर)

राष्ट्रीय उद्यान मधे आणि घरे दोन्ही अंगांना, अशी आपली रचना. पूर्वेला आणि पश्चिमेला धोक्याची वेळ एक नसते.

दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. तो पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो आणि आग मुलुंड, भांडुपच्या दिशेने ढकलतो. या बाजूला राहणाऱ्यांनी दुपारी एक ते संध्याकाळपर्यंत डोळे उघडे ठेवावेत. रात्री आणि पहाटे वारा उलटतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि तेव्हा पाळी बोरिवली ते गोरेगाव या पश्चिम बाजूची. संध्याकाळी लांब दिसणारी आग "वर चाललीय, आपल्याकडे येत नाही" म्हणून सोडून देऊ नका. रात्री तीच खाली सरकू शकते.

मार्चमध्ये काही दिवस पूर्वेचा कोरडा वारा दुपारीही थांबत नाही आणि समुद्राचा वारा उशिरा येतो. पारा अचानक चढतो तो अशाच दिवशी. सांताक्रूझला मार्चमधला उच्चांक ४१.७ अंशांचा आहे, २८ मार्च १९५६ चा. सकाळी अकरालाच अंगाला झळा लागत असतील आणि घाम येत नसेल, तर पश्चिम बाजूच्या लोकांसाठी तो वर्षातला सगळ्यात वाईट दिवस समजा.

आता उतार. आग चढाला पळते, कारण ज्वाळा वरचे गवत आधीच तापवून सुकवतात. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अग्निशमनातला ढोबळ हिशेब आहे. घळीत तर आग धुराड्यासारखी वर खेचली जाते. घर डोंगराच्या पायथ्याशी असेल तर वरून घरंगळत येणाऱ्या जळत्या ओंडक्यांचा धोका, आणि घर उतारावर वरच्या अंगाला असेल तर खालून धावत येणाऱ्या आगीचा.

*तपासणी :* फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडा. इमारत किंवा चाळ, जंगलाची हद्द, सगळ्यात जवळची घळ, आत यायचा रस्ता आणि बाहेर पडायचा दुसरा रस्ता अशा पाच गोष्टी कागदावर काढा. दुसरा रस्ता सापडला नाही, तर ते आत्ताच कळलेले बरे.

टप्पा २ : गॅलरी, छप्पर, खिडक्या (दिवाळीनंतरचा आठवडा)

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. भिंतीपासून दीड मीटरच्या आत पेटेल असे काही नको, एवढा एकच नियम. तो पाळायला निघालात की किती काय काय बाहेर निघते ते बघा.

इमारतीत राहत असाल तर: वेताचे कंदील उतरवा. कुरिअरचे खोके, जुनी गादी, रद्दी आणि सुकलेल्या कुंड्यांमधली काटक्या-पाने काढा. नारळाच्या काथ्याने भरलेल्या कुंड्या ओल्या ठेवा. सुका काथ्या ठिणगी धरून तासभर धुमसू शकतो. गॅलरीत अंथरायचे हिरवे कृत्रिम गवत प्लास्टिकचेच असते, जंगलाच्या बाजूच्या गॅलरीत ते नकोच. बांबूचे चिक डिसेंबर ते मे गुंडाळून आत ठेवा. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी ठिणगीने वितळते आणि थेंब खाली गळतात. जाळी काढणे जमत नसेल तर तिच्याखाली कपडे वाळत घालू नका. एसीच्या बाहेरच्या युनिटमागे आणि छज्ज्यावर साठलेला पाचोळा, कबुतरांची घरटी, पिसे हे सगळे काढून घ्या. तो कोपरा कोणी बघत नाही आणि ठिणगी नेमकी तिथेच अडकते.

चाळीत, बैठ्या घरात किंवा पाड्यावर राहत असाल तर: पत्र्यावर प्लास्टिक आणि प्लास्टिक उडू नये म्हणून वर जुने टायर, लाकडे, हे दृश्य सगळीकडे दिसते. टायर एकदा पेटला की बादलीने विझत नाही. पावसाळा संपताच ताडपत्री काढून घडी करा. वजन ठेवायचेच असेल तर विटा किंवा दगड ठेवा. पन्हळीतला पाचोळा काढा. पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट सिमेंटने किंवा बारीक लोखंडी जाळीने बुजवा, चिंध्या कोंबून नाही. कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंतीला आतून-बाहेरून शेणमातीचे लिंपण जाड ठेवा. उघडी कारवी लगेच पेटते, लिंपलेली बराच वेळ टिकते. सरपणाची मोळी भिंतीला टेकवून ठेवू नका, दहा पावले लांब ठेवा.

*नेहमीची चूक :* घर आवरून सगळे गच्चीवर नेऊन टाकणे. गच्ची हीच ठिणगीची पहिली जागा. भंगारवाल्याला त्याच दिवशी बोलवा.

टप्पा ३ : आवार आणि कुंपण (नोव्हेंबर संपेपर्यंत)

घरापासून दहा मीटरपर्यंत गवत घोट्याएवढे कापलेले आणि पाचोळा उचललेला असावा. जागा असेल तर तीस मीटरपर्यंत झुडपे विरळ करा आणि झाडांच्या खालच्या सुक्या फांद्या काढा, म्हणजे जमिनीवरची आग शेंड्यापर्यंत चढत नाही. घाणेरीची जाळी कुंपणावर माजू देऊ नका. सागाची पाने डिसेंबरपासून गळत राहतात, त्यामुळे एकदा झाडून भागत नाही, दर आठवड्याला झाडावे लागते.

दोन मर्यादा पाळा. कुंपणापलीकडची जमीन वनखात्याची असेल तर तिथे आपण कोयता चालवायचा नाही. आणि आवारातल्या जिवंत झाडाची छाटणीसुद्धा महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीनेच करायची. १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा खासगी आवारालाही लागू आहे. अर्ज ऑक्टोबरमध्ये द्या, परवानगी यायला वेळ लागतो.

हद्दीवर जाळरेषा हवी असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला अर्ज द्या आणि बीटच्या वनरक्षकाला प्रत्यक्ष भेटा. जाळरेषा म्हणजे हंगामाआधी मुद्दाम मोकळा केलेला पट्टा, आग पुढे सरकू नये म्हणून. तो पट्टा वनखातेच जाळते, माणसे उभी करून आणि वारा बघून.

इशारा : "आपणच आधी थोडे जाळून टाकू" हे कधीही करू नका. भारतीय वन अधिनियम १९२७ आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, दोन्हींखाली तो गुन्हा आहे. पण गुन्ह्याचे राहू द्या, वारा फिरला तर तुमच्या हातात काही उरत नाही. आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसानेच लावलेले असतात: विडीचे थोटूक, पार्टीनंतरची शेकोटी, पेटवलेला कचरा, जमीन मोकळी करण्यासाठी टाकलेली काडी. पाचोळा पेटवू नका, खड्ड्यात घालून ओला ठेवा, पावसाळ्यापर्यंत खत होईल. होळी जंगलाच्या भिंतीलगत नको, मोकळ्या मैदानात पेटवा आणि घरी जाण्याआधी पाणी ओतून राख पायाने पसरवून बघा.

गवत कापताना गमबूट घाला. कापलेल्या गवताच्या ढिगात घोणस, नाग दडतात, म्हणून ढीग रात्रभर ठेवू नका. अंधार पडल्यावर कुंपणाजवळ काम नको, बिबट्याचा वावर आपल्याला नवा नाही.

टप्पा ४ : पाणी आणि रस्ता

या टप्प्याची फसगत आग लागल्यावरच कळते.

इमारतीच्या अग्निशमनाच्या टाकीतले पाणी आगीसाठी राखीव असते. पाणीकपात झाली की ते गुपचूप वापराच्या टाकीत वळवले जाते. मुंबईत २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात होती. धरणे रिकामी असण्याचे हे दिवस आणि डोंगर सर्वात कोरडा असण्याचे दिवस एकच आहेत. जोडणीच्या व्हॉल्व्हला कुलूप लावा, किल्ली सेक्रेटरी आणि वॉचमन दोघांकडे ठेवा आणि दर सोमवारी टाकीची पातळी वहीत लिहा.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू असल्याचे नमुना 'ब' प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. नुसता कागद घेऊन समाधान मानू नका. जानेवारीत एजन्सीचा माणूस येईल तेव्हा होज बाहेर काढायला लावा, पाणी सोडायला लावा, ती जंगलाकडच्या भिंतीपर्यंत पोचते का बघा. पितळी नोझल जागेवर आहे ना, तेही. ते चोरीला जाते. वीज गेल्यावर पंप कशावर चालणार, हा प्रश्न त्याच दिवशी विचारा.

बैठ्या घरांनी दारात दोन भरलेले पिंप, बादल्या आणि पत्र्यापर्यंत पोचणारी शिडी ठेवावी. पिंपांवर झाकण हवे, नाहीतर डास होतात.

रस्त्याचे एकच सांगतो. रात्री अकरा वाजता खाली उतरा आणि बंब आत येऊ शकेल का ते बघा. दुपारी मोकळा दिसणारा रस्ता रात्री दोन्ही बाजूंनी गाड्यांनी भरलेला असतो. वळणावरच्या गाड्या हंगामापुरत्या तरी हलवा. गेटवरची कमान किंवा उत्सवाचा मंडप बंबाच्या उंचीला आडवा येत असेल तर तोही.

टप्पा ५ : माणसे, कागद, नंबर

मजल्यावर किंवा गल्लीत आजारी, वृद्ध, एकटी लहान मुले कुठे आहेत याची यादी करा आणि प्रत्येकासमोर एका शेजाऱ्याचे नाव लिहा. दुपारी घरी असणाऱ्याचे, नोकरीला जाणाऱ्याचे नाही.

कागदपत्रे एका प्लास्टिकच्या पाकिटात दाराजवळ ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढून नातेवाइकाला पाठवून ठेवा. वस्तीत राहणाऱ्यांनी आधार, रेशनकार्डाबरोबर फोटोपास, जुनी वीजबिले, मतदारयादीचे उतारे यांना सगळ्यात वर ठेवावे. पुनर्वसनात पात्रता ठरते ती १ जानेवारी २००० किंवा १ जानेवारी २०११ च्या आधीच्या पुराव्यावर. घर पुन्हा उभे राहते, जळालेला तो कागद पुन्हा मिळवताना वर्षे जातात.

नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा: अग्निशमन १०१, वनखात्याची हेल्पलाइन १९२६, मुंबई महापालिकेचा आपत्कालीन कक्ष १९१६, रुग्णवाहिका १०८, गॅसगळती १९०६, आणि काहीच लागले नाही तर ११२. भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवले की उपग्रहाला दिसलेल्या आगीचा संदेश मोबाइलवर येतो. नोंदवा, पण त्यावर विसंबू नका. उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो आणि लहान आग त्याला दिसतेच असे नाही.

टप्पा ६ : धूर दिसला

१. आधी १०१, मग १९२६. कोणीतरी केला असेल असे धरू नका. जमीन आरेची, फिल्मसिटीची की वनखात्याची, हा वाद फोनवर घालू नका. जवळचे गेट किंवा शाळा सांगा, आग वर जातेय की खाली ते सांगा, जवळ घरे आणि सिलिंडर आहेत का ते सांगा. एक माणूस मुख्य रस्त्यावर बंबाला वाट दाखवायला उभा करा.

२. गॅसचा रेग्युलेटर बंद करा. डिसेंबर २०१५ मध्ये कांदिवलीच्या दामूनगरात आणि मार्च २०२३ मध्ये मालाडच्या आप्पापाड्यात वस्तीतल्या आगी पसरत गेल्या तेव्हा सिलिंडर फुटत होते. आग लांब आणि गल्ली मोकळी असेल तरच धडधाकट माणसाने सिलिंडर उचलून मोकळ्या मैदानात उभा ठेवावा. गल्लीच्या तोंडाशी ढीग लावू नका, बंबाचीच वाट बंद होते. एकदा बाहेर पडल्यावर सिलिंडरसाठी परत फिरायचे नाही.

३. खिडक्या, गॅलरीचे दार बंद. पडदे बाजूला सारा किंवा काढा. वाळत घातलेले कपडे आत घ्या.

४. सुती कपडे आणि बूट घाला. नायलॉनचा गाऊन, सिंथेटिक साडी, ओढणी नको, वितळून अंगाला चिकटते.

आता निर्णय. सिमेंटच्या पक्क्या इमारतीत असाल, आग बाहेर डोंगरावर असेल आणि इमारत स्वतः पेटलेली नसेल, तर बहुतेक वेळा आत, जंगलाच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत थांबणे सुरक्षित. घाबरून सगळ्यांनी गाड्या काढल्या की बंब अडतो. अग्निशमन दलाने बाहेर पडा म्हटले तर जिन्याने उतरा, लिफ्ट नको. पत्र्याचे, प्लास्टिकचे किंवा कुडाचे घर असेल तर उलट: वाट बघू नका, धूर आपल्याकडे वळताच मुले आणि म्हातारी माणसे आधी निघाली पाहिजेत. डोंगरावर चढून नाही, रस्त्याकडे.

टप्पा ७ : धुरापासून जपणे

आग लांब असली तरी धूर येतोच, आणि हिवाळ्याच्या रात्री तो जमिनीलगत साठतो. ओला रुमाल डोळ्यांना बरा वाटतो, पण धुरातले बारीक कण अडवत नाही. त्यासाठी नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्कच हवा. एक्झॉस्ट पंखे बंद करा, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावा, घरात उदबत्ती, धूप, फोडणी त्या रात्री नको. दमेकऱ्यांचा इनहेलर उशाशी हवा. हवेचा निर्देशांक 'समीर' ॲपवर बघता येतो.

टप्पा ८ : विझवायला जाणार असाल तर

तरुण मुले हमखास धावतात, म्हणून लिहितो. ज्वाळा गुडघ्याच्या खाली असतील, चार-पाच जण असाल आणि मागे मोकळी वाट असेल तरच जा. हिरव्या पानांच्या फांदीने झोडपा, पण जळून गेलेल्या जागेवर उभे राहून, आगीच्या कडेने, मागून पुढे सरकत. आगीच्या वरच्या अंगाला किंवा घळीत कधीही उभे राहू नका. ज्वाळा कमरेएवढ्या झाल्या की मागे फिरा. व्हिडिओ काढण्यासाठी टेकडीवर चढणे तर जिवावर बेतते.

भाजले तर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी. बर्फ, हळद, टूथपेस्ट नाही.

टप्पा ९ : आग विझल्यावर

ज्वाळा दिसेनाशा झाल्या म्हणजे आग संपली असे नाही. दर तासाला गच्ची, छज्जे, पन्हळी बघा, आणि पहाटे वारा उलटल्यावर पुन्हा एकदा. ओंडके आणि मुळे दोन-तीन दिवस आत धुमसतात. जळालेल्या झाडाखाली उभे राहू नका. भाजलेला किंवा भेदरलेला प्राणी दिसला तर हात लावू नका, १९२६ ला कळवा.

घराचे नुकसान झाले असेल तर काही उचलण्याआधी फोटो काढा, तहसील कार्यालयात कळवून पंचनामा करून घ्या आणि त्याची प्रत मागा.

शेवटचे काम मे महिन्यात. जळालेल्या उतारावर माती धरून ठेवणारे गवत उरलेले नसते. पहिल्या मोठ्या पावसात राख, माती, दगड खाली येतात आणि गटारे तुंबतात. जूनच्या आधी डोंगराकडची गटारे साफ करून घ्या, संरक्षक भिंतीची पाणी निघायची भोके मोकळी आहेत का बघा, आणि भिंतीला नवी भेग किंवा फुगवटा दिसला तर वॉर्ड ऑफिसला लेखी कळवून पोच घ्या.